गळ्यातला पट्टा काढा!

बालमित्रांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी पामेरियन आहे का? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या छोट्या घरांत सहज मावणारा हा लाडोबा! दारावरची बेल वाजली की तो उड्या मारतो, पट्टा ताणतो आणि एकदम खोकायला लागतो. आवाज कसा? थेट बदक ओरडल्यासारखा! आजी म्हणते, "घशात हाड अडकलंय." पण दर वेळी हाडच असतं असं नाही, बरं का!

शहाळ्याचं पाणी मऊ नळीनं जोरात ओढून पाहा. नळी मध्येच चपटी होते नि पाणी येईनासं होतं. इथंही तसंच घडतं. श्वासनलिका उघडी राहावी म्हणून तिच्यात कूर्चेच्या कड्या असतात, इंग्रजी 'सी' अक्षरासारख्या. पामेरियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा अशा छोट्या जातींतल्या काही कुत्र्यांच्या या कड्या लेच्यापेच्या होतात. नळी दबते, खोकला येतो. खोकल्यानं नळी सुजते आणि पुन्हा खोकला!

मग करायचं काय? आधी गळ्यातला पट्टा काढा. त्याऐवजी छातीवरून बांधायचा पट्टा, म्हणजे हार्नेस, आणा. येता-जाता बिस्किटं देणं बंद. वजन उतरलं की श्वास घेणं सोपं जातं. उदबत्ती, सिगारेट, फटाके यांच्या धुरापासून त्याला लांब ठेवा. आणि आपल्याकडचा मे महिना तर ठाऊकच आहे! कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, त्या धापांनी नळीवर ताण येतो. म्हणून उन्हाळ्यात फिरायला न्यायचं ते पहाटे.

आपलं खोकल्याचं औषध त्याला चुकूनही पाजू नका. त्यातली काही द्रव्यं कुत्र्याला विषारी असतात. हृदयाच्या दुखण्यातही कुत्रा खोकतो, म्हणून डॉक्टर तपासून, एक्स-रे काढूनच गोळ्या ठरवतात. दुखणं अवघड असेल, तर आपल्याच रेल्वे लाइनवर परळला १८८६ सालापासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

सैल झालेल्या कड्या पुन्हा घट्ट होत नाहीत. पण गोळ्या आणि काळजी यांवर पुष्कळ कुत्री वर्षानुवर्षं मजेत राहतात. फारच बिकट झालं, तर नळीत तारेच्या जाळीचा स्टेंट बसवतात.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा. जीभ किंवा हिरड्या निळ्या पडल्या, तर सकाळची वाट पाहू नका. त्याला शांत ठेवा, गार हवेत धरा आणि आई-बाबांना घेऊन ताबडतोब डॉक्टर गाठा. त्याला बोलता येत नाही. त्याच्या वतीनं तुम्हीच बोलायचं!