दादरचें उद्यान आणि सिद्धगडचें रान

दादरला प्लाझा चित्रपटगृहानजीक वीर कोतवाल उद्यान आहे. परवां तेथून जातांना आमच्या घरांतील धाकट्यानें विचारलें, “हे कोतवाल पोलिसांत होते का?” प्रश्न निरागस, पण आम्ही ओशाळलों. ज्यांना पोलिसांच्याच गोळीनें मरण आलें त्यांचें हें नांव, हें आम्हीं घरांत कधीं सांगितलेंच नव्हतें.

विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजीं माथेरानला एका नाभिक कुटुंबांत झाला. वकिलीचें शिक्षण घेतल्यावर मुंबईंत सुखानें पैसा मिळवितां आला असता. त्यांनीं मात्र कर्जतच्या बाजूस गोरगरिबांसाठीं शाळा काढल्या. पावसाळ्यांत सावकाराचें दार ठोठावण्याची पाळी येऊं नये म्हणून धान्यकोठी उभी केली. नेरळहून कळंबला जातांना लागणाऱ्या पोशीरकडचीं भातखाचरें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस त्या कोठीचें मोल निराळें सांगावयास नको. जो भात पिकवितो त्याच्याच घरीं श्रावणांत कणगी रिकामी! बेचाळीसच्या लढ्यांत या भागांतील माणसें त्यांच्यामागें उभीं राहिलीं, त्याचें मूळ आमच्या मतें या कोठींत आहे.

त्या वर्षाच्या उत्तरार्धांत त्यांच्या ‘आझाद दस्त्या’नें मुंबईकडे वीज नेणारे मनोरे करवतींनीं कापून पाडले. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडच्या रानांत पोलिसांनीं त्यांना गांठलें. मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील आणि कोतवाल, दोघेही तेथेंच पडले. कोतवालांचें वय अवघें तीस.

पलटणींतील शिपायाचें नांव निदान पलटणीच्या दप्तरांत राहतें. पुण्यांत १९९८ सालीं लोकवर्गणींतून उभें राहिलेलें राष्ट्रीय युद्धस्मारकही सैनिकांसाठींच आहे. दस्त्याला ना गणवेश होता, ना हजेरीपट. राज्य शासनानें १९८० नंतर ठिकठिकाणीं हुतात्मा स्मारकें बांधलीं, तेव्हां ही उणीव कांहीं अंशीं भरून निघाली. दादरच्या उद्यानास मात्र दोघांपैकीं एकाचेंच नांव आहे.

हें सारें ऐकल्यावर धाकट्यानें दुसरा प्रश्न केला, “मग हिराजींची बाग कोठें आहे?” सिद्धगडला दरवर्षीं २ जानेवारीस दोघांनाही अभिवादन करण्यास लोक जमतात. येत्या वर्षीं पोशीर-कळंबच्या रस्त्यानें त्याला तेथें नेण्याचें आम्हीं ठरविलें आहे.