बंदिवासातील गेंड्याचे शिंग

गाय, म्हैस, बकरी यांच्या शिंगांत हाडाचा गाभा असतो. गेंड्याच्या शिंगात हाड मुळीच नसते. आपली नखे व केस ज्या केराटीनचे बनलेले असतात, त्याच द्रव्याच्या असंख्य तंतूंचा तो घट्ट जुडगा होय. म्हणूनच ते नखाप्रमाणे आयुष्यभर वाढत राहते. आफ्रिकेतील काळ्या गेंड्याचे पुढील शिंग वर्षाकाठी साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते.

जमेची बाजू अशी अखंड चालू असताना खर्चाची बाजू रान सांभाळते. काळा गेंडा गवतावर जगणारा नव्हे. टोकदार वरच्या ओठाने झुडपांच्या डहाळ्या ओढून खाणारा. फांद्या मोडताना, माती उकरताना, खोडावर घासताना शिंग झिजते. अमेरिकेतील ओहायो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ साली सीटी स्कॅनच्या साहाय्याने गेंड्याच्या शिंगाची अंतर्रचना उलगडली. गाभ्यात कॅल्शियम व मेलॅनिन अधिक असल्याने तो टिकाऊ असतो, कडा मात्र झिजतात. पेन्सिलीप्रमाणे टोक येते ते यामुळेच.

प्राणिसंग्रहालयात हा हिशेब बिघडतो. एखादा गेंडा लोखंडी गजांवर वा काँक्रीटच्या भिंतीवर तासन्‌तास घासून शिंगाचे खुंट करून टाकतो. दुसऱ्याला घासण्यास योग्य काही मिळाले नाही, तर शिंग भलतेच लांबते किंवा कलते. क्वचित धडकेने ते मुळापासून उखडते, रक्त वाहते आणि पुढे नवे शिंग उगवते. ते पूर्वीसारखेच येईल याचा भरवसा नसतो. मुळाच्या वरच्या भागात संवेदना नसल्यामुळे, गुंगीचे औषध देऊन वाढलेले शिंग कापता येते.

अर्थात, लांब शिंग ही बंदिवासाचीच खूण समजू नये. केनियातील अंबोसेलीच्या मोकळ्या रानात हिंडणाऱ्या गर्टी या मादीचे शिंग चार फुटांहून लांब होते.

या नखासारख्या वस्तूला काळ्या बाजारात मिळणारी किंमत हीच खरी आपत्ती. १९७० च्या सुमारास सुमारे ६५ हजार असलेले काळे गेंडे १९९५ पर्यंत अडीच हजारांच्या आत आले. मार्च २०१७ मध्ये तर पॅरिसजवळच्या थ्वारी प्राणिसंग्रहालयात शिरून चोरांनी व्हिन्स या चार वर्षांच्या पांढऱ्या गेंड्याला ठार केले व शिंग कापून नेले. कुंपणाच्या आतला प्राणीही सुरक्षित नाही, हे युरोपला तेव्हा कळले. चेक प्रजासत्ताकातील द्वूर क्रालोवे प्राणिसंग्रहालयाने आपल्या गेंड्यांची शिंगे कापण्याचा निर्णय लगोलग जाहीर केला. याच संस्थेने २०१४ मध्ये ५३ किलो शिंगे जाहीरपणे जाळली होती. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहता केवढा हा माल! पण तो तिजोरीत राहिला असता, तर त्याची किंमतही लोकांच्या मनात राहिली असती.

जून २०१९ मध्ये युरोपातील प्राणिसंग्रहालयांत जन्मलेले पाच काळे गेंडे विमानाने रवांडातील अकागेरा राष्ट्रीय उद्यानात पोहोचवण्यात आले. प्रथम लहान आवारात, मग त्याहून मोठ्या आवारात, अशा टप्प्यांनी त्यांना तेथील झुडपांची आणि मातीची सवय लावण्यात आली.