भरपूर ऊन, तरीही स्नायू दुबळे

चेन्नई शहर विषुववृत्तापासून जेमतेम १३ अंश उत्तरेला आहे. मे महिन्यातील 'अग्नी नक्षत्रा'चा काळ तर तेथे उन्हाच्या काहिलीसाठीच ओळखला जातो. त्वचेवर ऊन पडले की शरीर ड जीवनसत्त्व स्वतःच तयार करते. असे असूनही मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनच्या संशोधकांनी शहरातील प्रौढांचे रक्त तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांमध्ये या जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. मधुमेहींमध्ये हे प्रमाण आणखी जास्त होते. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

याचे कारण उन्हात नसून राहणीमानात आहे. चेन्नईजवळच्या, जवळपास त्याच अक्षांशावरील तिरुपती येथे झालेल्या अभ्यासानुसार सकाळी ११ ते दुपारी २ या वेळेतील ऊन ड जीवनसत्त्वासाठी सर्वांत उपयुक्त ठरते. नेमक्या याच वेळी शहरी माणूस छपराखाली असतो. या कामासाठी लागणारे अतिनील किरण खिडकीच्या काचेतून जवळजवळ येत नाहीत. सावळ्या त्वचेला तेवढ्याच जीवनसत्त्वासाठी अधिक वेळ ऊन लागते. शाकाहारी जेवणातून ते फारच थोडे मिळते.

ड जीवनसत्त्व म्हटले की हाडे आणि मुलांमधील मुडदूस आठवतो. मात्र तीव्र कमतरतेची पहिली खूण अनेकदा मांड्यांच्या आणि खांद्यांच्या स्नायूंत दिसते. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, जिना चढताना कठडा धरावा लागतो, चाल डुलती होते. रुग्ण आणि घरची माणसे हा वयाचा परिणाम समजतात आणि उपचार लांबतो.

स्नायूंत असे काय घडते, याचा शोध घेताना शास्त्रज्ञ स्नायूंच्या मूळपेशींपर्यंत पोहोचले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ मध्ये बेडकाच्या पायाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी पाहिल्या. स्नायुतंतूला बाहेरून चिकटून असल्यामुळे त्यांना 'सॅटेलाइट', म्हणजे उपग्रह पेशी, असे नाव मिळाले. एरवी त्या निद्रिस्त असतात. स्नायूला इजा झाली की जाग्या होतात, त्यांची संख्या वाढते आणि त्या फाटलेल्या तंतूत मिसळून तो सांधतात. काही पेशी मात्र पुढच्या वेळेसाठी पुन्हा निद्रिस्त होतात. हा राखीव साठा वयानुसार घटतो. ही घट झटपट हालचाल करणाऱ्या तंतूंभोवती अधिक असते. तोल गेला असता माणसाला सावरणारे तंतू हेच, आणि ड जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावात तेच अधिक बारीक होतात.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्नायुपेशींना क्रियाशील ड जीवनसत्त्व दिले असता त्यांची बेसुमार वाढ मंदावते आणि त्या पक्व स्नायूत रूपांतरित होऊ लागतात. हे जीवनसत्त्व ग्रहण करणारे प्रथिन ज्यांच्या शरीरात नाही, अशा उंदरांचे स्नायुतंतू लहान राहतात, असे जपानी संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले. मात्र पूर्ण वाढ झालेल्या स्नायूत हे प्रथिन खरोखर असते का, यावरच २०११ मध्ये काही शास्त्रज्ञांनी प्रश्नचिन्ह लावले. त्यामुळे कमतरतेचा घाव थेट मूळपेशींवर बसतो की कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या बिघाडामार्फत, हा वाद मिटलेला नाही.

माणसांवरील चाचण्यांचे निष्कर्षही एका दिशेचे नाहीत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील २०१० च्या चाचणीत ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दिल्यानंतर सहा महिन्यांत हाताच्या पकडीचे बळ वाढले. तेथेच तरुणींवर झालेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असा फायदा दिसला नाही. तीव्र कमतरता असलेल्यांना उपचाराने ताकद परत मिळते, याबद्दल डॉक्टरांना फारशी शंका नाही. ज्यांच्या रक्तात ते पुरेसे आहे, त्यांना जादा मात्रेने बळ येते, या जाहिरातींतील दाव्याला मात्र भक्कम आधार नाही.

उलट त्यात धोका आहे. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या महिलांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटची मात्रा देण्यात आली. त्यांच्यात पडण्याचे आणि हाडे मोडण्याचे प्रमाण कमी होण्याऐवजी वाढले, असे २०१० मध्ये जाहीर झाले. आपल्याकडे ६० हजार युनिटची पुडी किंवा गोळी सर्रास घेतली जाते. डॉक्टर ती सहसा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवड्यांपुरतीच देतात. तीच रोज किंवा महिनोन् महिने घेत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ आणि मूत्रपिंडाचे विकार उद्भवू शकतात. हे जीवनसत्त्व चरबीत साठत असल्याने पुडी थांबवल्यावरही हा त्रास काही आठवडे चालू राहतो.