जुना मोबाईल चालतो, पण त्यावर बँक नको



१ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत आपण होडी वर ओढतो, फळ्या तपासतो, गळती बुजवतो. मोबाईलची अशी तपासणी मात्र कुणी करत नाही. घरात नवा फोन आला की जुना मासळी विकायला बसणाऱ्या आईकडे जातो, आणि क्यूआर कोडचे पैसे त्याच फोनवर येतात.

मोबाईलच्या सिस्टीममध्ये नव्या चोरवाटा सापडतच राहतात. त्या बुजवायला गूगल अँड्रॉइडची दुरुस्ती काढतं, पण ती आपल्या फोनवर पाठवते फोन बनवणारी कंपनी. काही वर्षांनी कंपनी जुन्या मॉडेलला अपडेट देणं बंद करते. फोन चालतो, कॉल लागतो, पण चोरवाटा उघड्याच राहतात. २०१५ साली सापडलेल्या 'स्टेजफ्राइट' दोषात तर नुसता एक एमएमएस आला, तो उघडला नाही, तरी फोन दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकत होता.

आपला फोन असा तपासा: सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन', मग 'अँड्रॉइड व्हर्जन'. तिथे सिक्युरिटी अपडेटची तारीख दिसते. ती वर्षाहून जुनी असेल आणि 'सॉफ्टवेअर अपडेट' दाबूनही काही येत नसेल, तर अपडेट बंद झाले असं धरा. प्ले स्टोअरवरून ॲप अपडेट केलं म्हणून सिस्टीम दुरुस्त होत नाही.

मग काय करायचं?

१. त्या फोनवरून बँकेचं आणि यूपीआयचं ॲप काढा.

२. बँकेला जोडलेलं सिमही काढा, कारण ओटीपी त्याच नंबरवर येतो. नवा फोन आत्ता परवडत नसेल तर ते सिम साध्या बटणाच्या फोनात घाला.

३. जुना फोन रीसेट करून बिनसिमचा फोटो-गाण्यांना वापरा.

४. सेकंडहँड फोन घेताना आधी ही तारीख बघा.

५. 'फोन अपडेट करा' अशी लिंक किंवा चलन, लग्नपत्रिका म्हणून एपीके फाईल आली तर उघडू नका, फोन नवा असला तरी. खरा अपडेट सेटिंग्जमध्येच येतो.

पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं कठीण.

तारीख सापडत नसेल तर फोन घेऊन सोसायटीच्या ऑफिसात या, आम्ही बघून देऊ. हंगामाची कमाई, खलाशांचा पगार, डिझेलचं बिल, सगळं आता याच फोनवरून फिरतं.