६.२ खरं की १३४?

साखरेचा माग : लेखांक ६

समजा, अर्जुनी मोरगाव तालुक्यातला पंचेचाळिशीचा एक शेतकरी आहे. अंगानं काटक, पोट आत. यंदा रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकलं की लवकर थकायला होतं आणि रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं. तो रक्त तपासून घेतो. उपाशीपोटीची साखर निघते १३४, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी निघते ६.२. एक डॉक्टर म्हणतात, शुगर आहे, गोळी सुरू करू. दुसरे म्हणतात, बॉर्डरवर आहे, भात कमी करा. घरी आल्यावर बायको विचारते, "मंग शुगर हाये का नाई जी?"

माणूस कल्पनेतला आहे, पेच मात्र खरा. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त साखर म्हणजे मधुमेह, आणि एचबीए१सी ६.५ किंवा जास्त असली तरी मधुमेह. याचा एक आकडा रेषेच्या वर गेला, दुसरा खाली राहिला. प्रयोगशाळेनं चूक केली असेलच असं नाही. पूर्व विदर्भात अशा वेळी आणखी एक प्रश्न विचारायला हवा, तो बहुधा राहून जातो: या माणसाच्या रक्ताची जात कोणती? म्हणजे, त्याच्या हिमोग्लोबिनची.

गेल्या लेखांकात पाहिलं तसं एचबीए१सी साखर थेट मोजतच नाही. लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला रक्तातली साखर हळूहळू चिकटत जाते, ती किती चिकटली एवढंच ती सांगते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, असं धरून हे गणित बसवलेलं आहे. सिकलसेलच्या रुग्णाची लाल पेशी दहा-वीस दिवसांत मोडते. साखर चिकटायला तिला सवडच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. त्यातही ज्याचा रिपोर्ट 'एसएस' आहे त्याच्या रक्तात नेहमीचं 'ए' हिमोग्लोबिन तयारच होत नाही. मग 'ए१सी' कशाची मोजणार?

वाहकाचं, म्हणजे 'एएस' माणसाचं, गणित इतकं बिघडत नाही, पण बिघडतं. अमेरिकेत ४,६२० कृष्णवर्णीयांच्या नोंदींवर केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. साखर सारखीच असताना वाहकांची एचबीए१सी सरासरी ०.३ ने कमी भरली. हे ०.३ आपल्या शेतकऱ्याच्या ६.२ शेजारी ठेवून पाहा. त्यानं लगेच बेरीज करून निदान करू नये, पण ६.२ वर विसंबून निर्धास्तही राहू नये.

विदर्भातल्या गोंड, माडिया, परधान आणि इतरही काही समाजांत सिकलसेल पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. गावोगावी होणारी पहिली चाचणी अगदी साधी असते. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघा असलेला कागद धरतात. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची तपासणी. शाळेत किंवा शिबिरात ही तपासणी झालेली असते, पण तो कागद ट्रंकेच्या तळाशी जातो आणि साखरेच्या डॉक्टरांपुढे कधी येत नाही.

उलटा घोटाळाही होतो. लोह कमी असलेल्या पंडुरोगात एचबीए१सी खोटी जास्त येऊ शकते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय असल्याचं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. म्हणजे एकाच घरात नवऱ्याचा आकडा दबलेला आणि बायकोचा फुगलेला, असंही घडू शकतं.

मधुमेह आहे हे ठरलं तरी पेच संपत नाही, कारण पुढे विचारावं लागतं की कोणता. मोठ्या माणसाला झाला म्हणजे टाइप २, हा ठोकताळा बलाढ्य देशातही फसला आहे. ब्रिटनच्या थेरेसा मे गृहमंत्री असताना २०१२ साली, ५६व्या वर्षी, त्यांना टाइप २ सांगून गोळ्या दिल्या गेल्या. गोळ्या लागू पडेनात, तेव्हा पुढच्या तपासण्यांत टाइप १ निघाला आणि इन्शुलिन सुरू झालं. पुढे त्या पंतप्रधान झाल्या.

अंगानं बारीक म्हणजे चरबी नाही, हेही खरं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. उलट काही कृश माणसांत लहानपणापासूनच्या कुपोषणामुळे इन्शुलिनच कमी बनतं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५ साली या प्रकाराला वेगळी जागा दिली होती, १९९९ साली ती काढून घेतली. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं त्याला 'टाइप ५' म्हणून मान्यता दिली. सव्वीस वर्षं हा आजार कागदावर बेवारस होता आणि रुग्ण तर होतेच.

प्रकार ओळखायला सी-पेप्टाइड आणि जीएडी प्रतिपिंडांची तपासणी लागते. ती तालुक्यात सहसा होत नाही, महागही पडते आणि प्रत्येकाला लागतही नाही. पण आहे-नाही हा पहिला प्रश्न सोडवणं तालुक्यातही जमण्यासारखं आहे. उपाशीपोटीची साखर पुन्हा एकदा शिरेतल्या रक्तावर तपासायची. ती १२६ च्या पुढेच राहिली तर निदान झालं. तरी शंका उरली तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं. २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह. ते दोन तास बाकावर बसून काढायचे, चहा नाही, बिडी नाही, बाजारात चक्कर नाही. सिकलसेलच्या रुग्णाचा निर्णय तर साखरेच्या थेट मापावरच व्हायला हवा. 'बॉर्डरवर' हा शब्द मात्र दवाखान्यांनी टाकून द्यावा. त्यानं कुणी सावध होत नाही, फक्त पुढची तपासणी लांबते.

एका बाबतीत थांबून चालणार नाही. वजन झपाट्यानं उतरतंय, उलट्या होताहेत, श्वास जोरजोरात चाललाय, असं दिसलं तर प्रकार कोणता याचा घोळ घालत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

इन्शुलिन घ्यायची वेळ आली तर बाटली घरात ठेवायची कुठे, हे पुढच्या लेखांकात. तोवर एक काम करा. घरात कुणाचा सिकलसेल तपासणीचा कागद असेल तर तो ट्रंकेतून काढून साखरेच्या फाइलीत सगळ्यात वर लावा.