आपल्या शहराखालची माती किती भार पेलते?



पावसाळा लागला की दार अडकतं आणि उन्हाळ्यात त्याच भिंतीला बोटभर भेग पडते, हे परभणीतल्या कित्येक घरांत दिसतं. आपण म्हणतो, "मिस्त्रीनं सिमेंट कमी घातलं." पण पुष्कळदा दोष जोत्याखालच्या काळ्या मातीचा असतो. बेसाल्ट खडक झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी पिऊन फुगते, वाळले की आकसते. कापसाला चांगली, घराला वाईट!

माती न खचता प्रत्येक चौरस मीटरवर जेवढा भार बिनधोक पेलते, ती तिची सुरक्षित धारणक्षमता. वर्गात असे गणित घालावे : खांबावर 40 टन भार आहे, पाया 2 मीटर लांब, 2 मीटर रुंद. म्हणजे दर चौरस मीटरवर 10 टन. मातीची क्षमता 5 टनच असेल तर? पाया 8 चौरस मीटरचा करावा लागेल. व्यस्त प्रमाण मुलांना लगेच कळते. मात्र फुगणाऱ्या मातीत नुसता पाया पसरून भागत नाही. मुरूम खोल असेल तर तळाशी फुगीर कंद असलेले, किमान साडेतीन मीटर खोल खांब घेतात.

आता शहराचा नकाशा. ठिकठिकाणी बोअर घेतात. 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटीमीटरवरून टाकून, नळी 30 सेंटीमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. ठोके जास्त, तर थर घट्ट. या आकड्यांवरून आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांवरून प्रत्येक ठिकाणची क्षमता काढतात व नकाशावर मांडतात. मधल्या जागांचे आकडे जवळच्या बिंदूंवरून अंदाजाने भरतात, आणि गोम इथेच आहे. दोन बोअरच्या मध्ये बुजवलेला जुना नाला असला तर नकाशाला तो दिसणारच नाही! शिवाय एक नकाशा पुरत नाही. एक मीटरवर काळी माती, तीन मीटरवर मुरूम, म्हणून प्रत्येक खोलीचा नकाशा वेगळा. मे महिन्यात दगडासारखी कडक लागणारी काळी माती ऑगस्टमध्ये लोण्यासारखी होते, तेव्हा चाचणी ओल्या स्थितीचीही हवी. म्हणून नकाशावरून भागाचा अंदाज घ्यावा, प्लॉटची तपासणी मात्र करावीच. माझ्या मते फरशीवर होणाऱ्या खर्चापेक्षा हा खर्च आधी.

शाळेत छोटा नकाशा सहज होतो. मुलांनी घरी, शेजारी विचारायचे, "आडाला, बोअरला, पायाला मुरूम किती फुटांवर लागला?" उत्तरे गल्लीच्या नकाशावर लिहून सारख्या खोलीचे बिंदू रेषेने जोडायचे. सोबत एक प्रयोग : वाळवून बारीक चाळलेली 10 ग्रॅम माती पाण्याच्या मोजपात्रात, तेवढीच रॉकेलच्या पात्रात टाकून 24 तास ठेवा (रॉकेल मोठ्यांनीच हाताळावे). रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिथे 12 मिलिलिटर आणि पाण्यात 18 भरली, तर फुगवटा 50 टक्के. काळी माती आणि मुरूम, दोन्ही घेऊन बघा.