गावाची सभा गेली, प्रभागाची कधी भरणार?

महापालिका निवडणुकीचा गुलाल आता उतरला आहे. १५ जानेवारीला मतदान झालं, दुसऱ्या दिवशी निकाल लागले आणि राज्यातल्या २९ महापालिकांना पुन्हा नगरसेवक मिळाले. कोण कुठे जिंकलं, कुणाची युती कुठे फिसकटली, हे वाचकांना पाठ आहे. या गदारोळात पुण्याच्या वेशीवरच्या एका मोठ्या मतदारवर्गाकडे मात्र फारसं कुणी वळून पाहिलं नाही. नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, सूस, म्हाळुंगे, मांजरी बुद्रुक, वाघोली. या गावांनी गाव म्हणून यंदा पहिल्यांदा पुणे महापालिकेसाठी मत दिलं. त्याआधीची साडेचार वर्षं त्यांनी निवडून दिलेल्या एकाही स्थानिक माणसाविना काढली.

३० जून २०२१ रोजी २३ गावं महापालिकेत आली. ग्रामपंचायती बरखास्त झाल्या, दप्तर महापालिकेच्या ताब्यात गेलं, सरपंचांच्या नावामागे ‘माजी’ लागलं. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपत होती, त्यामुळे सात-आठ महिन्यांत निवडणूक होईल आणि आपलाही नगरसेवक येईल, या आशेवर गावं होती. पुढे ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेची उलटापालट आणि न्यायालयातल्या तारखा आल्या. मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, असं राज्यघटनेचं कलम २४३-यू सांगतं, तरी अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. शहरातल्या जुन्या भागांतही या काळात प्रशासकच होता. पण तिथे निदान कालचा नगरसेवक होता, त्याचं कार्यालय होतं, त्याच्या फोनला प्रभागातला अभियंता ओ देत होता. २०१७ साली शहरात आलेल्या ११ गावांनाही पुढे दोन नगरसेवक मिळाले होते. या २३ गावांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

हे एवढं सांगण्याचं कारण म्हणजे जानेवारी २०२५. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण सापडू लागले. नांदेड, किरकटवाडी, धायरी ही नावं देशभरच्या बातम्यांत आली. पाहता पाहता रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला, माणसं दगावली. संशय पाण्यावर होता. त्या वेळी पुण्यातल्याच अनेकांना पहिल्यांदा कळलं की, खडकवासला धरण शेजारी असूनही या गावांना शुद्धीकरण केंद्रातून आलेलं पाणी मिळत नाही. नांदेडच्या विहिरीतलं पाणी क्लोरिन घालून थेट नळाला सोडलं जात होतं. महापालिकेत येऊन साडेतीन वर्षं उलटली तरी पाण्याची व्यवस्था ग्रामपंचायतीच्या काळातलीच होती.

या साडेतीन वर्षांत गावातल्या बाईने ‘नळाला वास येतोय’ हे नेमकं कुठे सांगायचं होतं? प्रश्न सोपा आहे, आणि मला वाटतं, या सगळ्या विषयाचं मूळ त्यातच आहे. महापालिकेच्या ॲपवर तक्रार करता येत होती. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देता येत होता. पण ॲपवरची तक्रार एकट्याची असते. शेजारणीने, मागच्या आळीतल्या दहा घरांनीही तीच तक्रार केली आहे, हे तक्रार करणारीला कळत नाही. सभेत एक बाई उठून पाण्याबद्दल बोलली की मागून चार आवाज येतात, ‘आमच्याकडं पण.’ एका घराची कुरकुर गावाचा विषय होते ती तिथे.

ग्रामसभा म्हणजे आदर्श लोकशाहीचं चित्र, असं कुणी म्हणणार नाही. बऱ्याच गावांत ती मंदिरासमोर किंवा शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकून उरकली जाते. गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात आणि तीही जमत नाहीत. मग सभा तहकूब. तहकूब सभेत पंधरा-वीस जणांत ठराव मंजूर. ग्रामसेवक घरोघर वही फिरवून सह्या घेतो, तेही सगळ्यांना माहीत आहे. तरीही कायद्याने वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. गावातला प्रत्येक मतदार तिचा सदस्य असतो. ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा होते. आदल्या वर्षीचा जमाखर्च वाचून दाखवावा लागतो. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे प्रोसिडिंग बुक. ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, ‘सर्वानुमते मंजूर’ किंवा ‘बहुमताने मंजूर’, खाली सरपंचांची सही. एखाद्याने ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ आले की हात वर करून ‘स्मशानभूमीच्या रस्त्याचं काय झालं?’ विचारलं आणि हट्टाने ते लिहायला लावलं, तर पाच वर्षांनी त्या वहीचं पान दाखवता येतं.

गाव शहरात आलं आणि ही वही बंद झाली. त्या जागी दुसरी कुठली वही उघडली का? कायद्याच्या पुस्तकात तर उघडलेली आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २९-अ त्यासाठीच आहे. प्रभाग समितीत त्या भागातले नगरसेवक असतात, क्षेत्रीय अधिकारी असतो, आणि त्या भागात सामाजिक काम करणाऱ्या संस्थांमधले जास्तीत जास्त तीन नागरिक सदस्य नेमता येतात. पाणी, सांडपाणी, कचरा, पावसाळी गटारं यांच्या तक्रारी तातडीने सोडवणं हे समितीचं काम. पाच लाखांपर्यंतच्या कामांना ती स्वतः मंजुरी देऊ शकते, प्रभागाच्या खर्चाबद्दल शिफारशी करू शकते. त्याच्याही खाली २००९ साली क्षेत्रसभेची तरतूद आली. एका किंवा लगतच्या काही मतदान केंद्रांचे सगळे मतदार मिळून एक क्षेत्रसभा. थोडक्यात, शहरातली ग्रामसभाच. केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहरविकास योजनेचे पैसे हवे असतील तर लोकसहभागाचा कायदा करणं भाग होतं, म्हणून तो झाला. पैसे आले, उड्डाणपूल झाले. क्षेत्रसभा मात्र बहुतेक शहरांत कागदावरच राहिली.

नेमलेल्या तीन नागरिकांची कथाही वेगळी नाही. या जागा पक्षाच्या कार्यकर्त्यांची सोय लावण्यासाठी वापरल्या गेल्या, असाच बहुतेक ठिकाणचा आजवरचा अनुभव आहे. पण लोक स्वतःहून पुढे आल्याचीही उदाहरणं आहेत. मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी १९९० च्या दशकात ओला-सुका कचरा वेगळा करायला सुरुवात केली आणि त्यातून महापालिकेची ‘एएलएम’ (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) योजना उभी राहिली. जुहूने २००७ मध्ये ॲडॉल्फ डिसोझा यांना नागरिकांचा उमेदवार म्हणून निवडून दिलं. लोकांना शहरात रस नसतो, असं म्हणणाऱ्यांनी ही दोन नावं लक्षात ठेवावीत. ते प्रयत्न पुढे पसरले नाहीत, याला रहिवाशांच्या उदासीनतेइतकीच यंत्रणेची नाराजीही कारणीभूत आहे.

पुण्यात तर एक चांगली गोष्ट २००६-०७ पासून सुरू आहे. अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग. आपल्या भागात कुठलं काम हवं, ते छापील अर्जावर लिहून द्यायचं. पदपथ, बाकडी, पथदिवे, गटाराची झाकणं, बसथांबा, अशी लहान कामं. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात तपासले जातात आणि निवडलेली कामं अंदाजपत्रकात येतात. देशात फार थोड्या शहरांनी हे इतकी वर्षं टिकवलं आहे, याचं श्रेय पुण्याला द्यायलाच हवं. पण हा अर्जही एकट्यानेच भरायचा असतो. माझ्या गल्लीला दिवा हवा आणि शेजारच्या वस्तीला शौचालय हवं, तर आधी काय, हे आम्ही दोघांनी समोरासमोर बसून ठरवलेलं नसतं. ते कार्यालयात ठरतं. आणि मोठी रक्कम असते ती वेगळीच, नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या ‘स’ यादीत. कापडी पिशव्या, कचऱ्याच्या बादल्या, चौकाचौकांतले नामफलक, एकाच पदपथावर पुन्हापुन्हा बसणाऱ्या फरशा. ‘स’ यादीतून चांगली कामंही झाली आहेत, पण ती यादी लोकांसमोर वाचून मंजूर करून घेण्याची सक्ती कुणावरच नाही.

इथे मला गडचिरोलीकडे वळायचं आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे शंभरेक घरांचं गोंड आदिवासींचं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. देवाजी तोफा हे गावचे नेते, आणि त्यांच्याबरोबर दशकानुदशकं काम करणारे मोहन हिराबाई हिरालाल जानेवारी २०२५ मध्येच गेले. मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. हे बहुतेकांना माहीत असतं. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांची सभेची रीत. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वांच्या संमतीने होतो. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या सभेपर्यंत थांबतो. आणि निर्णय घेणारी सभा वेगळी, अभ्यास करणारा गट वेगळा. अभ्यासगटात बाहेरचे जाणकार येतात, कायदा वाचतात, आकडेमोड मांडतात, वाद घालतात. पण तिथे ठराव होत नाही. ठराव ग्रामसभेतच होतो, गावातल्या माणसांचा.

ही अभ्यासगटाची कल्पना शहराला अगदी जशीच्या तशी लागू पडते, असं माझं ठाम मत आहे. मोहनभाऊंनी आयुष्यभर जे मांडलं, ते जंगलातल्या गावापुरतं नव्हतं. वाघोलीच्या एका सोसायटीत निवृत्त जलअभियंता राहतो, नऱ्ह्याच्या दुसऱ्या सोसायटीत लेखापरीक्षक, खडकवासल्यात पिढ्यान्‌पिढ्या ओढ्यांच्या वाटा ओळखणारे शेतकरी आहेत. पाण्याची पाइपलाइन कुठून यावी, मैलापाण्याचं केंद्र कुठे व्हावं, यावर ही माणसं एकत्र बसली तर क्षेत्रीय कार्यालयाला फुकटात सल्ला मिळेल. आणि अभ्यास झाल्यावर निर्णय सगळ्या मतदारांसमोर व्हावा.

‘गावात पाचशे माणसं, इथे प्रभागात ऐंशी हजार. सभा कशी घ्यायची?’ हा आक्षेप खरा आहे. पुण्यात १६५ नगरसेवक ४१ प्रभागांतून निवडून आले. एक प्रभाग पाच जणांचा, बाकी सगळे चार जणांचे. २०११ च्या जनगणनेच्या आकड्यांवरच एका प्रभागाची सरासरी ऐंशी हजारांच्या वर जाते आणि या गावांत तेव्हापासून किती इमारती उभ्या राहिल्या, ते बायपासवरून जाताना दिसतंच. चार नगरसेवकांपैकी आपला कोण, हेही लोकांना कळत नाही. ग्रामपंचायतीत वॉर्डाचा सदस्य सकाळी दूध आणायला जाताना भेटायचा. पण म्हणूनच कायद्याने क्षेत्रसभा मतदान केंद्राच्या पातळीवर ठेवली आहे. मतदानाच्या दिवशी त्याच केंद्रावर त्याच मतदारांच्या रांगा लावायला यंत्रणा उभी राहते. त्याच शाळेत, त्याच यादीवरून वर्षातून दोन-तीनदा सभा घेणं अशक्य नाही.

या गावांत सभेची सवय मेलेलीही नाही. धायरीत धारेश्वराची यात्रा असो की वाघोलीत वाघेश्वराची, यात्रा कमिटीची बैठक आजही भरते. वर्गणी ठरते, कुस्त्यांचा आखाडा कुणी बघायचा ते ठरतं, आणि मागच्या वर्षीचा हिशोब सगळ्यांसमोर द्यावा लागतो. शिल्लक जुळली नाही तर खजिनदाराची खैर नसते. दुसरीकडे सोसायट्यांतले लोक दर सप्टेंबरमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभेत टँकरच्या बिलावरून तासन्‌तास भांडतात. गावकऱ्यांना यात्रेची सभा येते, सोसायटीकरांना ताळेबंदाची सभा येते. दोघांना एकाच सतरंजीवर बसवेल अशी जागा फक्त नाही. ती नसल्यामुळे गावठाण विरुद्ध सोसायटी अशी तेढ वाढते. मिळकतकराविरुद्ध गावांत मोर्चे निघाले, वसुलीला राज्य सरकारची स्थगिती आली. त्या वेळी सोसायट्या बहुतेक बाजूलाच राहिल्या. फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांनी तर महापालिकेतून बाहेर पडून स्वतःची नगरपरिषद मिळवली. वर्षानुवर्षं शहराचा कचरा झेललेल्या गावांनी असं का केलं असेल, हे महापालिकेने मनाला लावून घ्यायला हवं होतं.

आता नवे नगरसेवक आले आहेत. सत्कार झाले, संपर्क कार्यालयांची उद्घाटनं झाली. या गावांतल्या रहिवाशांनी पहिल्यांदा तीन गोष्टी लेखी मागाव्यात, असं मला मनापासून वाटतं. आपल्या प्रभाग समितीत नेमायच्या तीन नागरिकांची नावं कशी ठरणार, हे जाहीर करा. आमच्या मतदान केंद्राची क्षेत्रसभा कोणता नगरसेवक, कोणत्या तारखेला घेणार, ते सांगा. आणि त्या सभेचं इतिवृत्त क्षेत्रीय कार्यालयाच्या दर्शनी फलकावर लावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायला विसरू नये. पुढच्या माहिती अधिकाराच्या अर्जाला तोच लागतो.

नांदेड-किरकटवाडी भागातल्या पहिल्या क्षेत्रसभेच्या विषयपत्रिकेवर विषय क्रमांक एक काय असावा, यावर वाद होण्याचं कारण नाही. आपल्या नळाला येणारं पाणी आज कुठल्या विहिरीतून येतं, त्यात क्लोरिनचं प्रमाण किती सापडलं, तपासणी कुणी आणि कधी केली, आणि शुद्धीकरण केंद्राचं काम कोणत्या टप्प्यावर आहे. पाणीपुरवठा विभागाच्या कनिष्ठ अभियंत्याने उभं राहून हे वाचून दाखवावं, ज्यांच्या घरात रुग्ण होते त्यांनी प्रश्न विचारावेत, आणि दोन्ही बाजूंचं बोलणं तारीख-वारासह नोंदलं जावं.